जोशींचा वाढदिवस आणि लॅबमधली साठ सेकंदांची फाइल: व्हायरस नक्की कशाला म्हणायचं?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढलंय, एक-दोन वाक्यं जोडलीत. बाकी बोललो तसंच.)

आजचा विषय मी निवडलेला नाही, तो माझ्याकडे चालत आलाय. मागच्या महिन्यात राहुरी तालुक्यातून एक व्हॉइस मेसेज आला. आवाजावरून कळत होतं की मुलगी घाबरलेली आहे, पण बोलत होती अगदी मुद्द्याचं. तिचा धाकटा भाऊ डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज आपल्या जिल्ह्यातलंच, नाव घेत नाही. त्यानं लॅबमधल्या आठ-दहा कॉम्प्युटरवर एक छोटी फाइल टाकली. कॉम्प्युटर चालू केला की स्क्रीनवर चौकट यायची: 'तुमचा कॉम्प्युटर हॅक झाला आहे. ६० सेकंदांत सगळा डेटा डिलीट होईल.' ओके दाबलं की दुसरी चौकट, '५९'. परत ओके, '५८'. असं करत करत शून्यावर आलं की 'येड्यात काढलं!' संपलं. खेळ खल्लास.

पण शून्यापर्यंत कोणी थांबलंच नाही ना. सकाळच्या बॅचला ते दिसलं, आरडाओरडा झाला, लॅब असिस्टंटनं मेन स्विच पाडला. आणि दुपारी दोन मशीन फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकून दिली, 'व्हायरस पसरायला नको' म्हणून. त्या दोन मशीनवर दोन ग्रुपचे प्रोजेक्ट रिपोर्ट होते. दुसरीकडे कुठेही कॉपी नाही. आता सर म्हणतायत, लॅबमध्ये व्हायरस सोडला, सायबर पोलिसांकडे तक्रार करणार. भाऊ म्हणतोय, हा व्हायरस नाहीच, साधा प्रँक आहे, डेटा मी उडवलाच नाही. आणि ताईचा प्रश्न एवढाच: 'दादा, यातलं खरं कोण बोलतंय?'

मी तिला तेव्हा थोडक्यात उत्तर दिलं. आज सविस्तर देतो, कारण थोडक्यात दिलेलं उत्तर अर्धवट होतं.

आधी आपल्या भाषेचं बघा. आपल्याकडे कॉम्प्युटर स्लो झाला, 'व्हायरस असेल'. फोन गरम होतोय, 'व्हायरस असेल'. चार्जर लागत नाही, तरी मोबाइलच्या दुकानात कोणीतरी म्हणणारच, 'व्हायरस आला असंल, फॉरमॅट मारून टाक.' बिघाड आणि व्हायरस हे दोन शब्द आपण एकच करून टाकलेत. म्हणून हा गोंधळ.

तर, व्हायरस या शब्दाला नेमका अर्थ मिळाला १९८३ मध्ये. अमेरिकेत फ्रेड कोहेन नावाचा विद्यार्थी होता, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात. त्यानं युनिक्स मशीनवर एक प्रयोग केला, परवानगी घेऊन. एका उपयोगी दिसणाऱ्या प्रोग्राममध्ये त्यानं असा तुकडा ठेवला की जो कोणी तो प्रोग्राम चालवेल त्याच्या इतर प्रोग्राममध्ये तो तुकडा स्वतःची नक्कल चिकटवेल. पाच वेळा करून बघितलं. संपूर्ण सिस्टिमचा ताबा मिळायला सरासरी अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ लागला, सगळ्यात कमी वेळ पाच मिनिटांच्याही आत. त्यानंतर त्याला पुढचे प्रयोग करायला परवानगीच नाकारली, तो भाग वेगळा. 'व्हायरस' हे नाव सुचवलं त्याच्या सरांनी, लिओनार्ड एडलमन यांनी. आरएसए एन्क्रिप्शनमधला 'ए' म्हणजे तेच.

कोहेननं जी व्याख्या केली ती साधी आहे: दुसऱ्या प्रोग्राममध्ये बदल करून त्यात स्वतःची प्रत घालू शकणारा प्रोग्राम म्हणजे व्हायरस. झालं. यात नुकसान हा शब्दच नाही. चोरी नाही, डिलीट नाही, कवटीचं चित्र नाही. उलट कोहेननं आपल्या लेखात एका उपयोगी व्हायरसची कल्पनाही मांडली होती, जो प्रोग्राम शोधत जाईल आणि वापरणाऱ्याला विचारून त्यांना दाबून लहान करेल, म्हणजे जागा वाचेल. व्याख्येप्रमाणे तोही व्हायरसच.

म्हणजे व्हायरस आहे की नाही, या प्रश्नाचं उत्तर एकाच गोष्टीत आहे: तो स्वतःची पिल्लं घालतो का? वाईट आहे की नाही, हा पूर्णपणे वेगळा प्रश्न. आपण दोन्ही प्रश्न एकदम विचारतो आणि तिथेच फसतो.

आता याचं आपल्या घरचं उदाहरण. खरंच घरचं, कारण त्याचं आडनाव जोशी आहे.

१९९० च्या जूनमध्ये भारतात एक व्हायरस सापडला. नाव 'जोशी'. पाव पुण्यात हे आडनाव, त्यामुळे हसू नका. तो सापडला तेव्हा भारतात आणि आफ्रिकेच्या काही भागांत चांगलाच पसरला होता. काम काय करायचा? वर्षभर काहीच नाही. ५ जानेवारी उजाडली की कॉम्प्युटर अडकायचा आणि स्क्रीनवर ओळ यायची की 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. तुम्ही मुकाट्यानं टाइप केलंत की कॉम्प्युटर परत सुरू. एखादा आगाऊ भाचा दारात उभा राहून म्हणतो ना, आधी विश कर मग आत सोडतो, तसं. ऐकायला शंभर टक्के प्रँक.

पण आत काय चाललं होतं ते बघा. तेव्हा फ्लॉपी असायच्या, सव्वापाच इंची, वाकणाऱ्या. ३६० केबी जागा. आजचा तुमचा व्हॉट्सअॅपवरचा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा त्यात मावेल की नाही शंका आहे. प्रत्येक डिस्कचा पहिला सेक्टर, ५१२ बाइटचा, फार महत्त्वाचा. कॉम्प्युटर चालू झाला की सगळ्यात आधी तोच वाचला जातो आणि त्यात लिहिलेल्या सूचना चालवल्या जातात. फ्लॉपी आत विसरून तुम्ही मशीन चालू केलं की आधी फ्लॉपीचा पहिला सेक्टर चालणार. जोशी तिथेच बसायचा. तिथून मेमरीत जाऊन सुमारे ६ केबी जागा अडवायचा, हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये स्वतःला लिहायचा आणि मग त्या मशीनमध्ये जी फ्लॉपी घालाल तिच्यातही. त्याचा उरलेला भाग कुठे? ३६० केबीच्या फ्लॉपीवर ४० ट्रॅक असतात. हा त्यांच्या पलीकडे एक जास्तीचा ट्रॅक तयार करून तिथे राहायचा. शेताच्या बांधापलीकडे झोपडी टाकल्यासारखं. नकाशात दिसतच नाही.

आणि सगळ्यात हुशारीची गोष्ट: तुम्ही हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर वाचायला गेलात तर तो तुम्हाला खरा सेक्टर दाखवायचाच नाही. मूळचा, स्वच्छ सेक्टर बाजूला जपून ठेवलेला असायचा, तोच पुढे करायचा. सातबारा मागितला की फेरफार लपवून जुना कोरा उतारा हातात ठेवायचा, तसला प्रकार. त्याला पकडायचं तर मशीन पूर्ण बंद करून वेगळ्या स्वच्छ फ्लॉपीवरून चालू करावं लागायचं, म्हणजे जोशी मेमरीत नसताना बघायचं.

आता सांगा, हा प्रँक का व्हायरस? विनोद प्रँकचा आहे, अंग व्हायरसचं आहे. म्हणून तो व्हायरस. स्क्रीनवर काय दिसतं हा नुसता वरचा रंग. इंजिन कुठलं आहे ते बघायचं.

मला त्यात सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट ही वाटते. ज्यानं कोणी तो लिहिला, त्याला कदाचित ऑफिसातल्या चार जणांची गंमत करायची असेल. पण त्यानं गंमतीला पाय दिले. पाय दिल्यावर ती फ्लॉपीतून फ्लॉपीत गेली आणि समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोहोचली. तिथे ५ जानेवारीला एखाद्या माणसाचा कॉम्प्युटर अडकला असेल, त्याला जोशी हे आडनाव आहे हेसुद्धा माहीत नसणार. प्रँकमध्ये प्रँक करणारा खोलीत असतो. समोरच्याचा चेहरा पडला की तो 'अरे गंमत केली' म्हणू शकतो, फाइल काढू शकतो. जोशीच्या लेखकाला ते शक्यच नव्हतं. चार वर्षं आधी, १९८६ मध्ये, लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' व्हायरस लिहिला होता. त्यांनी निदान आपलं नाव, पत्ता, फोन नंबर आत लिहून ठेवला होता. इथे नुसतं आडनाव.

याच काळातली अजून एक गोष्ट. रहिमतपूरकडचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीला यायला लागले. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडायला लागले, तर संजयनी ते काढायची छोटी टूल्स लिहिली. त्यातून क्विक हील उभं राहिलं, सुरुवातीला कंपनीचं नाव कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस. २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. मी हे सांगतोय कारण त्या टूलची कल्पना आजच्या प्रश्नाला जोडलेली आहे: टूल लिहायचं तर आधी तो प्रोग्राम उघडून वाचावा लागतो. 'भीतीदायक दिसतंय' एवढ्यावर टूल लिहिता येत नाही.

उलट बाजूचं उदाहरण माझ्या पिढीचं. मी २०१५ ला इंजिनिअरिंगला गेलो. तेव्हा पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात लावला की परत येताना सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन यायचे. आठवतंय? फोल्डरवर छोटा बाण. आम्ही त्याला 'शॉर्टकट व्हायरस' म्हणायचो. तो बहुतेक वेळा एक स्क्रिप्ट असायचा. पेनड्राइव्हवर स्वतःची कॉपी टाकायचा, तुमचे खरे फोल्डर हिडन करायचा आणि त्याच नावाचे शॉर्टकट ठेवायचा. शॉर्टकटवर क्लिक केलं की फोल्डर उघडायचा, पण सोबत तो स्क्रिप्टही चालायचा आणि नव्या मशीनवर बसायचा. काटेकोर बोलायचं तर हा वर्म, कारण तो दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात शिरत नाही, स्वतंत्र फाइल म्हणून फिरतो. पण पिल्लं घालतो, म्हणून व्हायरसच्याच भावकीतला.

आणि तुमचा डेटा? जागेवरच. फक्त लपवलेला. ॲट्रिब नावाची एक कमांड चालवली की सगळं परत दिसायचं. तरी सबमिशनच्या आदल्या रात्री किती जणांनी 'डेटा गेला' समजून पेनड्राइव्ह फॉरमॅट केला असेल! आमच्या होस्टेलवरच मी तीन जण बघितलेत. वर्मनं काही उडवलं नाही. भीतीनं उडवलं.

म्हणजे बघा, राहुरीच्या लॅबमध्ये जे झालं ते नवीन नाहीच. याचं टोकाचं रूप म्हणजे २००२ च्या आसपास ईमेलवर फिरलेली 'टेडी बेअर'ची अफवा. मेल यायचा की तुमच्या विंडोजमध्ये अमुक नावाची फाइल शोधा, तिचं चिन्ह छोटं अस्वल असेल, तो व्हायरस आहे, लगेच डिलीट करा आणि सगळ्यांना कळवा. लोक शोधायचे, अस्वल खरंच सापडायचं! कारण ती विंडोजचीच फाइल होती, सगळ्यांकडे असायची. लोक स्वतःच्या हातानं विंडोजची फाइल उडवायचे आणि मेल पुढे पाठवायचे. यात प्रोग्रामच नाही. पिल्लं घालण्याचं काम माणसांनी केलं, डिलीट करण्याचंही. मे २०२५ मध्ये भारत-पाक तणाव होता तेव्हा तुमच्या फॅमिली ग्रुपवर 'डान्स ऑफ द हिलरी' नावाचा व्हिडिओ उघडू नका, फोन फॉरमॅट होईल, असा मेसेज आला होता की नाही? तीच जात. तो मेसेज कित्येक वर्षं जुना आहे, अधूनमधून उठतो.

आता जे खरंच घातक असतं त्याची स्क्रीन कशी असते? कधी खोटी असते. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' पसरला. आपल्याकडे न्हावाशेवाला, म्हणजे जेएनपीटीमध्ये, मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम त्यामुळे कोलमडलं. स्क्रीनवर लिहिलं होतं, ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये द्या, फाइल्स परत मिळतील. पण ते कुलूप असं होतं की त्याची किल्ली कोणाकडेच उरलेली नव्हती. म्हणजे खंडणीचं सोंग, आत नुसती नासधूस. मर्स्कनं नंतर नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर सांगितला. आणि कधी घातक प्रोग्राम काहीच दाखवत नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले. मालवेअर वापरून एटीएम व्यवहारांना होकार देणाऱ्या यंत्रणेच्या जागी नकली यंत्रणा उभी केली आणि ती 'द्या पैसे, द्या पैसे' म्हणत राहिली. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. कवटी नाही, काउंटडाउन नाही.

खरं सांगायचं तर जो प्रोग्राम स्वतः ओरडून 'मी तुम्हाला हॅक केलंय' म्हणतो, त्याच्यावर माझा जरा कमीच विश्वास बसतो.

तुमच्यातले बहुतेक जण हे फोनवर ऐकताय, म्हणून दोन मिनिटं फोनबद्दल. अँड्रॉइडवर कोहेनच्या अर्थाचा व्हायरस जवळजवळ नसतो. कारण प्रत्येक ॲपला सिस्टिम वेगळी खोली देते. एक ॲप दुसऱ्या ॲपच्या कोडमध्ये शिरून बदल करू शकत नाही, आणि बदल झालेलं ॲप सहीच्या तपासणीत अडकतं. त्यामुळे वेबसाइटवर 'तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले' असं लाल अक्षरात आलं, फोन थरथरला, तरी ती नुसती जाहिरात असते. टॅब बंद करायचा. घाबरून ती सांगते ते 'क्लीनर' ॲप टाकलंत, तर मात्र खरा त्रास सुरू.

फोनवरचा खरा धोका म्हणजे ट्रोजन. लग्नसराईत 'लग्नपत्रिका' नावाची एपीके फाइल येते. किंवा 'पीएम किसान', किंवा 'आरटीओ चलन'. येते ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून, म्हणून आपण उघडतो. पत्रिका पीडीएफ असते किंवा फोटो असतो, एपीके कधीच नसते, कारण एपीके म्हणजे ॲप. ती चालायला तुम्हीच 'अननोन ॲप्स' चालू करता, तुम्हीच एसएमएस वाचायची परवानगी देता. मग ओटीपी तिकडे जातात. व्हॉट्सअॅपचा ओटीपी गेला की तुमचं व्हॉट्सअॅप त्यांच्या हातात, आणि पत्रिका तुमच्या नावानं मामा-मावशींना. हा व्हायरस आहे का? नाही. मामांना फरक पडतो का? काडीचाही नाही. चुकून टाकलीच असेल तर आधी इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा. वर्गीकरण नंतर करू.

बरं, आता परत लॅबकडे.

मी ताईकडून ती फाइल टेक्स्ट म्हणून मागवली आणि वाचली. व्हीबीस्क्रिप्ट, नऊ ओळी. साठपासून शून्यापर्यंतचा लूप, प्रत्येक फेरीला मेसेज बॉक्स. स्वतःची कॉपी करणारी एकही ओळ नाही. कुठलीही फाइल उघडत नाही, नेटवर्कवर जात नाही. पोरानं ती एकेका मशीनच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये हातानं टाकली होती. काढायची तर तिथून डिलीट करायची, वीस सेकंदांचं काम. म्हणजे कोहेनच्या व्याख्येनं व्हायरस नाही. सर म्हणतात की ॲंटिव्हायरसनं तिला पकडलं. पकडणारच. बऱ्याच ॲंटिव्हायरसमध्ये असल्या प्रोग्रामसाठी 'जोक' असा वेगळा वर्गच असतो. ॲंटिव्हायरस चालू आहे का हे तपासायला तर ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी फाइल मुद्दाम बनवलेली आहे, आयकार नावाची, तीसुद्धा सगळे पकडतात. लाल खूण आली म्हणजे व्हायरस असं नाही. नावाच्या आधी काय लिहिलंय ते वाचायचं.

इथपर्यंत भाऊ खूश. पण पुढचं त्याला आवडलं नाही.

आपला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० सालचा, कोहेनची व्याख्या वापरत नाही. कलम ४३ मधली 'कॉम्प्युटर व्हायरस'ची व्याख्या बरीच ऐसपैस आहे: कॉम्प्युटर नष्ट करणारी, त्याचं नुकसान करणारी, त्याच्या कामावर वाईट परिणाम करणारी कुठलीही सूचना किंवा प्रोग्राम, किंवा दुसऱ्याला चिकटून काही घडलं की चालू होणारा. यात 'किंवा' महत्त्वाचा आहे. पिल्लं घातलीच पाहिजेत असं नाही. त्याच्या शेजारी 'कंटॅमिनंट' असा दुसरा शब्द आहे, त्यात कॉम्प्युटरचं नेहमीचं काम बळकावणाऱ्या सूचनाही येतात. विंडोज चालू झाल्यावर साठ वेळा ओके दाबायला लावणं म्हणजे दुसरं काय? आणि कलमाची सुरुवात होते मालकाच्या किंवा मशीनचा ताबा असणाऱ्याच्या परवानगीशिवाय, इथून. कलम ४३ नुकसानभरपाईचं आहे. गुन्हा होतो कलम ६६ खाली, त्यासाठी तेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलेलं असावं लागतं. मग तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू तसा नव्हता असं मला वाटतं. पण मी वकील नाही, कोड वाचणारा माणूस आहे, आणि हे मी ताईलाही सांगितलं.

हेतू चांगला होता म्हणून सुटका होतेच असंही नाही. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्यानं एक वर्म सोडला. तो काहीही डिलीट करत नव्हता. फक्त पसरायचा वेग ठरवताना चूक झाली, एकाच मशीनवर त्याच्या प्रतींवर प्रती चढत गेल्या आणि तेव्हाच्या इंटरनेटवरची हजारो मशीन ठप्प झाली. त्याला तीन वर्षांचं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि दहा हजार डॉलरवर दंड झाला. पुढे तोच एमआयटीत प्राध्यापक झाला, हे भावाला सांगू नका असं मी ताईला म्हणालो होतो, पण आता तो हे ऐकेलच.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, सर 'व्हायरस' म्हणताना चुकले, आणि पोरगा 'फक्त प्रँक' म्हणताना चुकला. मीही कॉलेजात रूममेटच्या डेस्कटॉपचा स्क्रीनशॉट काढून वॉलपेपर लावला होता आणि खरे आयकॉन लपवले होते. तो दहा मिनिटं माऊस आपटत होता, मी मागे कॉटवर बसून हसत होतो. दहाव्या मिनिटाला सांगितलं, शिव्या खाल्ल्या, चहा पाजला. तो प्रँक. मशीन त्याचं होतं, माणूस माझ्या ओळखीचा होता आणि मी तिथे होतो. लॅबची मशीन त्या पोराची नव्हती, सकाळी तिथे कोण बसणार हे त्याला माहीत नव्हतं आणि फाइल चालली तेव्हा तो घरी झोपलेला होता. 'सगळा डेटा डिलीट होईल' ही ओळ त्यानंच लिहिली होती. असिस्टंटनं तिच्यावर विश्वास ठेवला, एवढंच. अर्थात, फॉरमॅट करायच्या आधी कोणाचं काय आहे हे विचारायला पाच मिनिटं लागली असती. बॅकअप का नव्हता, हा प्रश्न तर कॉलेजला विचारायलाच हवा. तरी त्या दोन ग्रुपनं कोणाचं काय बिघडवलं होतं?

मी त्यांना दोन गोष्टी करायला सांगितल्या. एक, ती नऊ ओळींची फाइल छापून घ्या, विभागप्रमुखांकडे जा, कुठल्या कुठल्या मशीनवर टाकली त्याची यादी लिहून द्या आणि काढून दाखवा. काढल्यावर परत बूट करून दाखवा. दोन, ती फॉरमॅट झालेली दोन मशीन आत्ताच्या आत्ता बंद करा, त्यांच्यावर काहीही नवीन सेव्ह करू नका. हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट मारलं की डेटा लगेच पुसला जात नाही, फक्त अनुक्रमणिका जाते. पानं तिथेच असतात, त्यांच्यावर नवीन लिहिलं जाईपर्यंत. एसएसडी असेल तर अवघड, कारण ट्रिम नावाची सोय मोकळ्या जागा खरोखरच पुसून टाकते.

एका मशीनला जुनी हार्ड डिस्क निघाली. रिकव्हरी टूल रात्रभर चालवल्यावर पहिल्या ग्रुपचा रिपोर्ट मिळाला, आकृत्या सोडून. दुसऱ्या मशीनला एसएसडी होती. काहीच मिळालं नाही. तक्रारीचं अजून ठरलेलं नाही. पण त्या दुसऱ्या ग्रुपकडे गाइडनं तपासलेली छापील प्रत होती, लाल पेनाच्या खुणांसकट, आणि हा पोरगा रोज कॉलेज सुटल्यावर ती बघून परत टाइप करत बसतो. ताईचा परवाचा मेसेज आहे: एकतीस पानं झाली, चव्वेचाळीस राहिलीत, आणि प्रत्येक पानानंतर सेव्ह करून स्वतःलाच ईमेल करतोय.